दुपारी घरी जेवणारं शहर

कोल्हापुरात दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान बिंदू चौकात थोडा वेळ उभं राहावं. सकाळी पेठांतून बाहेर पडलेल्या दुचाकी आता पुन्हा पेठांकडे वळलेल्या असतात. लक्ष्मीपुरीतले व्यापारी, उद्यमनगरातले लेथवाले, गुजरीतले सराफ, शाळांतले शिक्षक, महापालिकेतले कारकून, यांतले बरेच जण जेवायला घरी निघालेले असतात. गरम भाकरी ताटात पडते, जमलं तर पंधरा मिनिटं पाठ टेकता येते, आणि तीनच्या आत माणूस पुन्हा कामावर हजर. मुंबईत किंवा पुण्यात नोकरी करणाऱ्याला ही चैन वाटेल. इथे ती रोजची रीत आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलतही नाही.

या शहरात राहावंसं का वाटतं, असं विचारलं की कोल्हापूरकर अंबाबाईचं नाव घेतो, रंकाळा तलावाचं घेतो, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं घेतो. ते सगळं खरंच आहे. पण मला वाटतं, या शहराचं खरं सुख अंतरांत आहे. महापालिकेची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून ती जवळजवळ तेवढीच राहिली आहे. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख ४९ हजार होती. म्हणजे विद्यापीठ, विमानतळ, मोठी रुग्णालयं, नाटक, कुस्ती, फुटबॉल हे सगळं असण्याइतकं हे शहर मोठं आहे. आणि संध्याकाळी सहाला काम संपल्यावर साडेसहाला रंकाळ्यावर पोहोचता येईल इतकं लहान. माणसाच्या दिवसात संध्याकाळ शिल्लक राहते. महानगरातल्या लाखो लोकांकडे पैसा असतो, संधी असते. ही एक गोष्ट मात्र नसते.

तरीही केवळ लहान आणि जुनं असणं पुरत नाही. महाराष्ट्रात लहान आणि जुनी शहरं पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कित्येकांची बाजारपेठ रात्री आठला पेंगते, तरुण पोरं बारावीनंतर गाव सोडतात ती परत येत नाहीत. कोल्हापूरच्या जुन्या भागात अलीकडे जी हालचाल वाढली आहे, तिचं कारण मी शोधत गेलो. दिव्यांच्या माळा, भिंतींवरची चित्रं, चौकांचं सुशोभीकरण यांनी शहर थोडं देखणं झालं असेल. पण हालचाल वाढली ती जुन्या इमारतींना पुन्हा काम मिळालं म्हणून.

याचं सर्वांत ठळक उदाहरण भाऊसिंगजी रोडवर आहे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं सीपीआर, त्याच्या समोर जुन्या जिल्हा न्यायालयाची दगडी इमारत आहे. तिला राधाबाई इमारत म्हणतात. वय दीडशे वर्षांच्या घरात. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याच्या रस्त्यावरच्या नव्या संकुलात गेलं, तेव्हा या इमारतीसमोरची वर्दळ एकदम आटली. न्यायालय हलतं तेव्हा फक्त न्यायाधीश आणि वकील जात नाहीत. टंकलेखक जातो, मुद्रांक विक्रेता जातो, झेरॉक्सवाला जातो, चहाची टपरी जाते, तारखेला आलेल्या पक्षकाराला दुपारी जेवू घालणारी खानावळ बसते.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी याच इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं काम सुरू झालं. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथे चालतात. या बेंचच्या मागणीला चार दशकांहून अधिक काळ लोटला होता. वकिलांनी काम बंद ठेवलं, उपोषणं केली, मोर्चे काढले. मागणी सुरू झाली तेव्हा ज्यांनी नुकता काळा कोट घातला होता त्यांतले अनेक जण निकाल लागेपर्यंत निवृत्तीला आले. या लढ्यामागे साधं गणित होतं. मुंबई इथून पावणेचारशे किलोमीटरवर. अपिलाची तारीख लागली की पक्षकाराने रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर तोंड धुवायचं, कोर्टात दिवसभर बसायचं, पुढची तारीख घ्यायची आणि रात्रीच्या गाडीने परत. आजऱ्याच्या किंवा चंदगडच्या शेतकऱ्याला बांधाच्या वादासाठी हे वर्षानुवर्षं परवडणं शक्यच नव्हतं. कित्येकांनी न्याय नको पण हेलपाटा आवरा म्हणून दावे सोडून दिले.

सार्वजनिक बांधकाम विभागाने काही आठवड्यांत ही इमारत उच्च न्यायालयाला शोभेल अशी उभी केली. बातम्यांत घाईचं कौतुक झालं, ते योग्यच. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं, की इतक्या घाईत उभी करता येईल अशी इमारत शहराने पाडली नव्हती. रिकामी पडली तेव्हा तिथे व्यापारी संकुल उठवण्याचा मोह कुणाला होणं अगदी स्वाभाविक होतं. ती टिकली, म्हणून वेळ आली तेव्हा उपयोगी पडली.

आता त्या परिसरात वकिलांच्या कार्यालयांसाठी जागा शोधल्या जातात, सहा जिल्ह्यांतून येणाऱ्यांसाठी लॉजच्या खोल्या भरतात, न्यायालयाच्या वेळेत रस्ता तुंबतो. दसरा चौकापासून सीपीआरपर्यंत गाडी लावायला जागा मिळत नाही ही तक्रार रोज ऐकू येते आणि ती रास्त आहे. पण बेंचच्या कायमच्या इमारतीसाठी शहराच्या दक्षिणेला शेंडा पार्कात जागा दिली गेली आहे, हे ऐकल्यावर माझ्या मनात वेगळीच काळजी येते. मोठ्या न्यायालयाला मोठी जागा लागते, याबद्दल वाद नाही. मात्र सगळं तिकडे गेलं की भाऊसिंगजी रोडवर पुन्हा तेच घडेल. एखादं पीठ, मध्यस्थी केंद्र, विधी सेवा केंद्र किंवा कायद्याचं ग्रंथालय राधाबाई इमारतीत कायम ठेवण्याचा निर्णय आत्ताच व्हायला हवा. इमारत रिकामी झाल्यावर तिचं काय करायचं यावर समिती नेमणं म्हणजे दहा वर्षं घालवणं.

*

जुन्या वास्तूंना काम हवं, ही गोष्ट या शहराला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी जे बांधलं ते जवळजवळ सगळं लोकांच्या वापरासाठी होतं. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९०६ साली सूतगिरणीचा पाया घातला, तीच पुढे शाहू मिल म्हणून ओळखली गेली. १९०२ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकासाठी ते युरोपात गेले तेव्हा रोममधलं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि परत आल्यावर खासबागेत कुस्तीचं मैदान बांधायला घेतलं. १९१२ मध्ये ते पूर्ण झालं. मधे खोलगट हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते. वर्गणी देऊ न शकणाऱ्याला कुस्ती नीट दिसावी, ही त्या रचनेमागची दृष्टी मला फार मोठी वाटते.

त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढणारे केशवराव मूळचे कोल्हापूरचेच. बालगंधर्वांबरोबरचा त्यांचा संयुक्त मानापमानाचा प्रयोग १९२१च्या जुलैमध्ये मुंबईत झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. शंभराहून अधिक वर्षं या नाट्यगृहात संगीत नाटकं झाली, हौशी स्पर्धा झाल्या, शाळांची गॅदरिंगं झाली, प्रचारसभा आणि शोकसभा झाल्या. कोल्हापुरात असं घर सापडणं अवघड, ज्यातलं कुणीतरी एकदा त्या रंगमंचावर उभं राहिलेलं नाही.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आग लागली तशी बातमी पेठांतून पसरली आणि माणसं धावत आली. त्यांच्यासमोर छत कोसळलं. सकाळी आत राहिल्या त्या काळवंडलेल्या दगडी भिंती. रंगकर्मी, पडद्यामागचे कामगार, प्रकाशयोजना करणारे, तिकीट खिडकीवर आयुष्य काढलेले लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. जयंतीचा कार्यक्रम लोकांनी त्या राखेसमोर केला.

नाट्यगृह होतं तसंच उभं करायचं, ही मागणी त्याच सकाळी झाली. शासनाने निधी जाहीर केला, काम सुरू झालं. त्यानंतरच्या काळात शहरात जे वाद झाले ते मी मुद्दाम नीट ऐकले. लाकूड कोणतं वापरणार, छताचा उतार पूर्वीचाच राहणार का, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जसा पोहोचायचा तसा पोहोचेल का, अग्निशमनाची सोय मूळ रूप न बिघडवता कशी करणार. यांतले प्रश्न विचारणारे सगळे वास्तुतज्ज्ञ नव्हते. नेपथ्य उभारणारा माणूस विंगेची रुंदी इंचात सांगत होता, कारण त्याने तिथून हजारदा सामान नेलं होतं. वास्तू वापरात असली की तिचं मोजमाप माणसांच्या अंगात उतरलेलं असतं, आणि ती जळाली तर परत बांधायला नकाशाइतकाच या माणसांचा उपयोग होतो. संग्रहालयासारखं कुलूपबंद ठेवलेलं नाट्यगृह जळालं असतं तर शहर हळहळलं असतं. कामाची मापं मात्र कुणी देऊ शकलं नसतं.

*

कोल्हापूरच्या पाण्याची कथा निराळी आहे आणि ती तितकीशी अभिमानाची नाही. जुन्या शहरात तळी पुष्कळ होती. कपिलतीर्थ बुजवून तिथे मंडई झाली. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं. खंबाळा, फिरंगाई अशी नावं आता फक्त जुन्या माणसांच्या बोलण्यात किंवा देवळांच्या पत्त्यात उरली आहेत. पाणी मात्र आपली जागा विसरत नाही: जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात अजूनही तळं साचतं आणि तिथे खेळणारी पोरं कंटाळून घरी बसतात.

अंबाबाई मंदिराच्या आवारातलं मणिकर्णिका कुंडही असंच बुजवलेलं होतं. त्यावर बाग होती, स्वच्छतागृहं होती. भक्तांनी आणि अभ्यासकांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला, शेवटी २०२० च्या सुमारास उत्खनन सुरू झालं आणि खालून पायऱ्या, कोनाडे, दगडी बांधणी वर आली. बुजवलेलं पाणी पुन्हा उघडण्याचा निर्णय घेणारी शहरं आपल्याकडे फार थोडी आहेत. कुंडाच्या काठावर उभं राहिलं की मंदिराच्या आवाराची मूळची खोली पहिल्यांदा कळते.

रंकाळा बुजला नाही, पण बुजण्याच्या वाटेवर होता. सांडपाण्याचे नाले थेट तलावात यायचे. एके काळी केंदाळाने सगळा पृष्ठभाग झाकला, पाण्याला हिरवी साय आली, वास पार रस्त्यापर्यंत येऊ लागला. लोक तरीही फिरायला जायचे, नाकाला रुमाल लावून. केंद्राच्या योजनेतून आणि नंतर राज्याच्या पैशातून कामं झाली, नाले वळवले, काठ नीट केला. रंकाळा आजही पूर्ण स्वच्छ झालेला नाही. उन्हाळ्यात पाण्याचा रंग बदलला की मासे मेल्याच्या बातम्या येतात. पण पहाटे पाचला संध्यामठाच्या बाजूला गेलं की दिसतं, तलाव कुणामुळे वाचला. ठरलेल्या वेळी फेरी मारणारे गट आहेत, पोहणारे आहेत, पक्षी मोजणारे आहेत. पाण्याला वास आला की दुसऱ्या दिवशी महापालिकेत निवेदन जातं, तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. हजारो माणसं रोज ज्या पाण्याकडे बघतात त्याच्याकडे दुर्लक्ष करणं कुठल्याही अधिकाऱ्याला अवघड जातं.

पिण्याच्या पाण्याचं सुख अगदी अलीकडचं. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून पन्नास किलोमीटरहून लांब थेट पाइपलाइन टाकायची, ही मागणी एका पिढीने केली आणि पुढच्या पिढीने तिची चेष्टाही केली. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर ते पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचलं. शहरातल्या जुन्या जलवाहिन्या अजून गळतात, काही भागांत पाणी कमी दाबाने येतं, आणि पंप बंद पडला की सगळे पुन्हा टँकरची वाट बघतात. तरी पंचगंगेच्या मैल्याची भीती न बाळगता नळाचं पाणी पिता येणं, याची किंमत ज्यांनी काविळीच्या साथी पाहिल्या त्यांना विचारावी.

पंचगंगेचं दुसरं रूप मात्र प्रत्येक जुलैत आठवतं. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्या. दोन्ही वेळा पुणे–बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शहर काही दिवस बेटासारखं झालं. पेट्रोल संपलं, दूध थांबलं. या पुराने शहराच्या रचनेबद्दल एक स्पष्ट गोष्ट सांगितली. जुन्या पेठांचा बराच भाग उंचावर आहे, कारण गाव वसवणाऱ्यांना नदी माहीत होती. बुडाले ते मुख्यतः नदीकाठचे सखल भाग आणि पूररेषेत किंवा जयंती नाल्याच्या कडेला नंतर वाढलेल्या वसाहती. जुन्या शहराच्या शहाणपणाकडे पाठ फिरवून परवाने दिले गेले आणि त्याची किंमत तिथे घर घेणाऱ्यांनी मोजली. नव्याने इथे राहायला येणाऱ्याने घर बघताना दोन गोष्टी आधी विचाराव्यात: २०२१ मध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं, आणि शेजारचे तेव्हा कुठे राहायला गेले होते.

*

पुरात बोटी काढणारे, घरोघरी जेवण पोहोचवणारे, म्हातारी माणसं पाठीवर घेऊन बाहेर काढणारे बहुतेक तालमींचे होते. कोल्हापुरात तालीम म्हणजे फक्त कुस्तीचा आखाडा नाही. ती पेठेची संस्था आहे. गणपती तिचा, शिवजयंती तिची, रक्तदान शिबिर तिचं, आणि फुटबॉल संघही तिचाच. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ: हे तालीम-मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात तेव्हा पेठा ओस पडतात. महाराष्ट्रातल्या इतर शहरांत फुटबॉल टीव्हीवर बघतात, इथे दुकानाच्या कट्ट्यावर बसून शेजारच्या गल्लीतल्या डिफेंडरवर दोन तास वाद घालतात. सामन्यानंतर कधी दगडफेकही होते, ती चूकच आहे आणि ती थांबवण्याची जबाबदारी तालमींनी घेतली पाहिजे. पण शहरात नव्याने आलेला एखादा भाडेकरू दोन मोसम त्या गॅलरीत बसला की पेठ त्याला नावाने ओळखू लागते. मोठ्या शहरात वीस वर्षं राहून हे मिळत नाही.

संध्याकाळी गंगावेशीत म्हशी येतात. गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळलेलं दूध पेल्यात मिळतं आणि तालमीतून घामाघूम आलेली पोरं उभ्या उभ्या ते पितात. शहराच्या मधोमध म्हशी असाव्यात की नसाव्यात, यावर आरोग्य खात्याचं मत वेगळं असू शकेल. दिवाळीच्या पाडव्याला गवळी समाज म्हशींची शिंगं रंगवून, अंगावर नक्षी काढून त्यांना रस्त्यावर आणतो. मालक मोटारसायकलवर पुढे आणि त्याच्या आवाजामागे म्हैस धावत. हे सगळं शहराच्या पोटात टिकून आहे, कारण गोठे अजून शहरात आहेत आणि दूध विकलं जातं.

याच सुखांसाठी आता काही माणसं परत येऊ लागली आहेत. करोनाच्या काळात पुण्या-बंगळुरूहून लॅपटॉप घेऊन आलेल्यांतले काही इथेच राहिले. २०१८ मध्ये विमानसेवा पुन्हा सुरू झाली, २०२४ च्या मार्चमध्ये नवं टर्मिनल आलं, पुण्याला वंदे भारत गाडी सुरू झाली. परतलेल्यांशी बोलताना तीन गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकू येतात: आईवडील, मुलांची शाळा घराजवळ, आणि घरभाड्यात वाचणारा पैसा. चौथी गोष्ट ते जरा थांबून सांगतात. पगारवाढ मागायची झाली किंवा नोकरी बदलायची झाली तर इथे दारं कमी आहेत. कोल्हापूरचा खरा उद्योग ओतकामाचा. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या फाउंड्र्यांमधले सुटे भाग देशभरच्या गाड्यांत बसतात. कुशल मोल्डरला इथे काम आहे. संगणक अभियंत्याला अजून तितकं नाही. पत्नीने किंवा पतीने वेगळ्या क्षेत्रात शिक्षण घेतलं असेल तर दोघांना एकाच वेळी काम मिळणं कठीण, आणि अनेक घरं याच कारणाने पुन्हा पुण्याला जातात. हे लपवण्यात अर्थ नाही.

शहर बसची अवस्थाही तशीच. एके काळी केएमटी अख्खं शहर आणि आसपासची गावं फिरायची. आता गाड्या कमी आणि वाट बघणं जास्त. म्हणून घरटी दोन-तीन दुचाकी झाल्या आणि महाद्वार रोड, मिरजकर तिकटी, राजारामपुरी इथे संध्याकाळी चालणं अवघड झालं. मध्यम शहराचं सुख अंतरांत आहे, असं मी सुरुवातीला म्हटलं. वाहतूक अशीच वाढली तर तीच अंतरं वेळेत मोजली असता दुप्पट होतील. हद्दवाढ करून गावं जोडायची की नाही यावर पन्नास वर्षं मोर्चे निघताहेत. त्या वादात बससेवेचा विषय मागे पडतो, जो खरं तर शहराला आणि गावांना दोघांनाही लागतो.

*

शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. तिचा भोंगा अजून अनेकांच्या कानांत आहे. शहराच्या ऐन मध्यात सत्तावीस एकर जागा, त्यात उंच चिमणी, दगडी शेड आणि वाढलेलं गवत. २०२२ मध्ये शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली. ६ मे रोजी सकाळी दहा वाजता सगळं शहर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं, रस्त्यावरची वाहनंही थांबली. त्या स्मृतिशताब्दीच्या पर्वात मिलचे दरवाजे उघडले गेले, प्रदर्शनं भरली, मुलाबाळांसह लोक आत आले. बऱ्याच तरुणांनी मिल आतून पहिल्यांदाच पाहिली. ती इतकी मोठी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

तिथे शाहू महाराजांचं स्मारक व्हावं ही मागणी जुनी आहे आणि मला ती मान्य आहे. माझा आग्रह इतकाच, की त्या स्मारकात यंत्रं चालली पाहिजेत. महाराजांनी तिथे गिरणी काढली होती. कापडाचं, चामड्याचं, ओतकामाचं प्रशिक्षण, सुभाषनगरात चपला बनवणाऱ्या कारागिरांसाठी सामायिक कार्यशाळा, लहान उद्योगांना भाड्याने शेड: अशी किती तरी कामं त्या छताखाली बसतील. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या एका मोठ्या फॅशन घराण्याने मिलानमध्ये कोल्हापुरी घाटाच्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला मूळ गावाचं नावही घेतलं नाही. त्यावर देशभर गदारोळ झाला. भौगोलिक मानांकन २०१९ पासून आहे. पण कारागिराला चांगलं कमावलेलं चामडं, रचनेचं शिक्षण आणि थेट बाजार मिळाला नाही तर त्याचा मुलगा त्या कामात राहणार नाही.

आता सर्वांत अवघड विषय. २०२५ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिर परिसराच्या विकासाच्या १४०० कोटींहून मोठ्या आराखड्याला मंजुरी दिली. गर्दी इतकी वाढली आहे की काहीतरी करायलाच हवं. नवरात्रात दर्शनाची रांग बघितली की कुणीही हेच म्हणेल. पण मंदिराला चिकटून घरं आहेत, दुकानं आहेत, त्यांच्या वर माड्या आहेत, त्यांत माणसं राहतात. ओटीचं सामान विकणारी, खण-नारळ विकणारी, हार गुंफणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत. मंदिराचं नातं या घरांशी किती बारीक आहे हे किरणोत्सवात दिसतं. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारी–फेब्रुवारीत, मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून देवीच्या चरणांपर्यंत आणि मग मुखापर्यंत पोहोचतात. वाटेतल्या एका इमारतीने मजला वाढवला, एका गच्चीवर पाण्याची टाकी आली, तरी किरणं अडतात. दरवर्षी अभ्यासक अडथळे मोजतात, महापालिका ते काढायला लावते, आणि घरमालक कुरकुरत का होईना, ऐकतात. आपल्या गच्चीची उंची देवीच्या पायांवरच्या उन्हाशी बांधलेली आहे, हे मान्य करणारे लोक त्या रस्त्यावर राहतात म्हणून तो सोहळा शक्य होतो.

भूसंपादन करून तिथे मोकळं पटांगण केलं तर दर्शन सोपं होईल आणि रात्री दहानंतर तो भाग निर्मनुष्य होईल. देशातल्या मोठ्या तीर्थक्षेत्रांत हे घडताना आपण पाहिलं आहे. नुकसानभरपाईचा धनादेश घेऊन माणूस शहराबाहेरच्या प्लॉटवर जातो, दुकान मात्र तिथे चालत नाही.

दुसरीकडे, त्याच पेठांत कुलूप लागलेली घरंही कमी नाहीत. वाडा आजोबांच्या नावावर, वारस अकरा, त्यांतले तीन अमेरिकेत, दोघांत दावा, आणि तळमजल्यावर जुन्या भाड्याने राहणारा भाडेकरू. मिळकत पत्रिकेवर नावं चढलेली नसतात म्हणून दुरुस्तीला कर्ज मिळत नाही. दुरुस्ती नाही म्हणून माळवद गळतं. शेवटी महापालिका धोकादायक इमारतीची नोटीस लावते आणि बांधकाम व्यावसायिक सगळ्यांना एकत्र आणतो. मालकाला वारसा इमारतीच्या यादीतल्या नावाचा बोजा वाटतो, कारण यादीबरोबर मदत येत नाही. वारसनोंदीसाठी पेठेत शिबिरं, दुरुस्तीसाठी कमी व्याजाचं कर्ज, घरफाळ्यात सूट, लाकूडकाम जाणणाऱ्या सुतारांची यादी, एवढ्यानेही कित्येक वाडे उभे राहतील. १४०० कोटींत यासाठी थोडी रक्कम काढणं अशक्य नाही.

मंदिराजवळून ज्यांना उठावं लागेल त्यांना याच पेठांत, चालत जाता येईल इतक्या अंतरावर घर आणि गाळा मिळायला हवा. त्यासाठी जागा नाही असं उत्तर येईल. भूसंपादनाच्या नोटिसा निघण्याआधी महापालिकेने जुन्या शहरातली बंद आणि वादात अडकलेली घरं एकदा गल्लीनिहाय मोजून घ्यावीत आणि ती यादी लोकांसमोर ठेवावी.